पाणकोंबडीच्या पोटातली फळी

१

होडी जागेवर होती. शीड गुंडाळून आढ्याला टांगलेलं होतं, डोलकाठी भिंतीशी आडवी पडली होती, सुकाणू खुंटीवर होतं. ट्रेलरच्या चाकांखाली लावलेले दगडसुद्धा कुणी हलवले नव्हते. गेली होती ती फक्त होडीच्या पोटातली फळी.

सोनगीरच्या झुलाल पाटलांनी सकाळी खळ्यातल्या पत्र्याच्या शेडचं कुलूप काढलं, होडीत वाकून पाहिलं, तर मधल्या खाचेतून त्यांना खालची माती दिसली. त्या मातीवर उन्हाची एक तिरीप पडली होती. झुलालभाऊ बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी शेडला पुन्हा कुलूप घातलं. आता कुलूप घालून काय उपयोग, पण माणूस घालतो. आणि ते तडक भिकन नानांच्या घराकडे निघाले.

समुद्रापासून इतक्या लांब, कापूस पिकवणाऱ्या माणसाकडे शिडाची होडी आली कुठून, हे सोनगीरकर बारा वर्षं विचारत होते. तापीवरच्या धरणाच्या कामाला एक परदेशी इंजिनिअर आला होता. जाताना त्याने सामान विकायला काढलं. झुलालभाऊ गेले होते डिझेल इंजिन बघायला, आणि परतले ते ट्रॅक्टरच्या मागे होडी बांधून. सोबत नूर महंमद टेलर होता, त्याचा अर्धा वाटा. दोघं एका वर्गात शिकलेले, एका वर्गात नापास झालेले. झुलालभाऊंच्या बायकोने, मंजुळाबाईंनी, दारातच विचारलं, की हिच्यात गहू भरायचा की भुईमूग.  दुसऱ्या दिवशी झुलालभाऊंनी होडीवर पांढऱ्या रंगाने नाव घातलं, ‘पाणकोंबडी’.

तेव्हापासून पावसाळा सरला, की पाणकोंबडी ट्रेलरवर चढून निघायची. कधी जवळच्या जामफळ तलावावर, कधी धुळ्याला नकाण्याला, एकदा तर थेट जळगावच्या मेहरूणला. आग्रा रोडचे ट्रकवाले गाडी थांबवून बघत राहायचे. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या वावरांमधून होडी हळूहळू सरकत चालली आहे, आणि आजूबाजूला पाण्याचा टिपूस नाही. बघणाऱ्याला आपण जागे आहोत की झोपेत, हेच कळायचं नाही.

तर अशी ही होडी. भिकन नाना ओट्यावर सुपारी कातरत बसले होते.

“नाना, फळी नही शे,” झुलालभाऊ अंगणातूनच म्हणाले. “आणि कोन लयी गया, ते बी माले माहीत शे.”

“कोण?”

“नूऱ्या.”

नानांचा अडकित्ता थांबला. झुलालने नूरवर चोरीचा आळ घ्यावा, म्हणजे डाव्या हाताने उजव्यावर घ्यावा तशी गत झाली. नाना उठले आणि पायांत वहाणा सरकवल्या.

२

भिकन नाना एसटीत होते. ड्रायव्हर नव्हेत, कंडक्टर नव्हेत. धुळे डेपोतल्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत त्यांची सगळी नोकरी गेली. छत्र्या, जेवणाचे डबे, तबल्याची जोडी, एकदा नवरदेवाचा फेटा आणि एकदा चांगला धष्टपुष्ट बोकड. इतक्या वर्षांत त्यांना एक गोष्ट कळली होती. वस्तू सहसा चोरीला जात नाही. ती दुसरीकडे कामाला लागलेली असते. निवृत्त झाल्यावरही गावात कुणाची शेळी हरवो की अंगठी, माणसं पोलिसांत जायच्या आधी नानांकडे येत.

शेडमध्ये नानांनी आधी कुलूप पाहिलं. त्यावर ओरखडाही नव्हता.

“चाव्या किती?”

“दोन. एक मना करदोड्याला, दुसरी त्याच्याकडे. आता तुम्हीच सांगा.”

“पण त्याने फळी कशाला न्यावी?”

झुलालभाऊंना बोलायला हेच हवं होतं. तसे ते हवं नसतानाही बोलत. ईद झाली की दुसऱ्या दिवशी नूर बायकोला, हमीदाला, घेऊन कायमचा सुरतेला चालला होता, मुलाकडे, नासीरकडे. होडीचं काय करायचं, हा प्रश्न होता. हायवेवरचा ढाबेवाला जीवराम ती विकत मागत होता. झुलालभाऊंना विकायची नव्हती. नूर हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता.

“फळी नसली, की मी एकटा तिले चालवू शकत नही. मग विकणंच आलं. डोकं बघा त्याचं.”

“नसली तर काय होतं?”

“वारा नेईल तिकडे जाते, नाना. जाता येतं, परत येता येत नाही. ती फळी खाली पाण्यात धरून ठेवते, म्हणून वाऱ्याच्या उलट्या अंगाने घरी येता येतं.”

नानांना हे फार आवडलं. 

“आणि त्याचं मनच उडालं हो,” झुलालभाऊ पुढे म्हणाले. “रोजे सुरू झाल्यावर एका पहाटे आम्ही जामफळला गेलो. सुकाणू त्याच्या हातात. पाण्यात एक वाळलेली बाभूळ उभी शे, बारा वर्षं तिथेच शे. हा गडी सरळ तिच्यावर नेतो. मी सुकाणू हिसकावलं म्हणून वाचलो. तरी शीड फाटलंच. मग त्याने ते शिवून आणलं. हे बघा कसं शिवलं ते.”

त्यांनी शीड खाली घेऊन पसरलं. जुनं, पिवळट पडलेलं कापड, त्यावर दर वर्षाचं एकेक ठिगळ. सगळी ठिगळं अशी बेतशीर, की टाके मोजायला भिंग लागावं. आणि खाली कोपऱ्यात हे नवं. टाके कुठे लांब, कुठे आखूड, मध्येच रस्ता चुकून बाहेर गेलेले. शिवणीच्या कडेने बारीक बारीक तपकिरी ठिपके पडले होते.

“चहा पीत पीत शिवलं असणार,” झुलालभाऊ म्हणाले. “ज्याने मना लग्नाचा कोट शिवला, त्याचे हे टाके. मन उडालं, की हातबी उडस.”

 ते रागावले होते, पण त्याहून जास्त दुखावले होते. आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आठवड्यावर आली होती. नव्वद साली आखाजी आणि ईद एकाच दिवशी येत होती. दोघांनी ठरवलं होतं, की त्या दिवशी दुपारी शेवटची फेरी मारायची. आता ती फेरी तर गेलीच, पण नूर सुरतेला जाईल तो न भेटता जाईल, आणि या वयात सुरत काही जवळ नसते.

३

नाना आधी जीवरामच्या ढाब्यावर गेले. होडीवर डोळा ठेवणारा उघड माणूस तोच होता.

जीवराम खाटेवर पडल्या पडल्या म्हशीचं दूध मोजून घेत होता. नानांना बघून उठला. त्याने काही लपवलं नाही. त्याला होडी ढाब्यासमोर उभी करायची होती, डोलकाठीला रंगीत बल्ब लावायचे होते, आणि आत टेबलं टाकायची होती.

“म्हणजे फळी तुला लागणारच नाही?”

“फळीची खाच तर मी बुजवून टाकणार, नाना. पोराचा पाय अडकला तर गिऱ्हाईक माझं डोकं फोडेल.”

“आणि नूरभाई काय म्हणाला? तो विकायला तयार आहे ना?”

जीवराम हसला. “तयार? गेल्या महिन्यात त्याच्या दुकानात गेलो होतो. मला म्हणतो, झुलाल जिता आहे तोवर ती होडी पाण्यातच राहील, आणि तू पुन्हा हा विषय काढलास तर तुझ्या पँटीचे पाय उलटे शिवीन.”

नाना घराकडे चालू लागले. झुलालभाऊंनी रचलेली गोष्ट एका वाक्यात कोसळली होती. ज्याला होडी विकायचीच नाही, तो तिला लंगडी कशाला करील? मग दुसरी चावी फिरली ती कुणाच्या हातात, हे नूरलाच विचारायला हवं होतं.

४

नूर महंमदचं दुकान बसस्टँडच्या मागे, लिंबाच्या सावलीत. टळटळीत दुपार होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. आत मशीन बंद होतं, आणि नूर भिंतीला टेकून बसला होता. नाना समोर जाऊन उभे राहिले. नूरने मान वर केली आणि वाट पाहत राहिला.

“नूरभाई,” नाना म्हणाले.

“अरे, भिकन नाना. या, बसा. मला रोजा आहे, पण तुमच्यासाठी चहा मागवतो.”

“नको. तू उपाशी, मी काय पिऊ.”

बसायच्या गादीला सुया टोचून ठेवलेल्या होत्या, ओळीने, प्रत्येकीत दोरा ओवलेला. पांढरा, काळा, खाकी, पुन्हा पांढरा. सकाळी पोलक्याची काजं करायला बसणाऱ्या बायका अशी तयारी करतात, असं नानांच्या मनात आलं, आणि गेलं.

फळीचं नाव काढताच नूरचा चेहरा बदलला.

“त्यानेच लपवली असेल. तुम्हाला कशाला पाठवलं? स्वतः यायला पाय मोडले का?”

“तो कशाला लपवील?”

“माझ्यासोबत पाण्यात जायचं नाही म्हणून. सरळ बोलायची हिंमत नाही. नाना, बारा वर्षं मी सुकाणूवर बसलो. त्या दिवशी त्याने माझ्या हातातून हिसकावलं. तोंडाने काही बोलला नाही, नुसतं हिसकावलं. पोराच्या हातातून काडेपेटी घेतात तसं.” नूरने मांडीवरचं कापड झटकलं. “जाऊ द्या. मी सुरतेला गेलो, की त्याने खुशाल एकट्याने चालवावी.”

दोघांची तक्रार एकच होती. नानांना वाटलं, या दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी लावावी.

“तुझी चावी कुठे आहे?”

“ती काय,” नूर म्हणाला, आणि त्याने बिनधास्त समोरच्या भिंतीकडे बोट केलं. “त्या खिळ्याला. शीड ठेवून आलो त्या दिवसापासून तिथेच आहे. हात लावला नाही.”

नानांनी वळून पाहिलं. खिळा रिकामा होता.

५

नाना तिथून उठले ते घरी गेले नाहीत. समोरून शिंदखेड्याकडची गाडी आली, तिला त्यांनी हात केला, आणि जामफळच्या फाट्यावर उतरले. का उतरले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

चैत्राचा शेवट. तलावाचं पाणी खूप आत सरकलं होतं. काठावरच्या भेगाळलेल्या गाळावर टिटव्या चालत होत्या. उन्हामुळे पलीकडचा काठ हलत होता, मधूनच नाहीसा होत होता, आणि मग तिथले डोंगर पाण्यापासून सुटून हवेत राहत होते. म्हशी नाकापर्यंत पाण्यात बसल्या होत्या. एवढी शांतता होती, की नानांना आपलाच श्वास मोठा वाटू लागला. झुलाल आणि नूर इथे येऊन काय करतात, हे त्यांना बारा वर्षांत समजलं नव्हतं, ते आता थोडं समजलं. ते काहीच करत नसत. दोघं मिळून काही न करण्यासाठी त्यांनी एक होडी घेतली होती.

पाण्यात ती बाभूळ उभी होती. लांबूनही ठळक दिसत होती, फांदी मोडल्याची पांढरी जखमसुद्धा. एवढं झाड माणसाला दिसत नाही?

नाना काठावरच्या दगडावर बसले आणि एकेक गोष्ट समोर घेऊ लागले, डेपोत गाठोडं सोडून वस्तू मांडायचे तशी.

खोटं बोलणारा माणूस रिकाम्या खिळ्याकडे बोट दाखवत नाही. तो म्हणतो, चावी हरवली, चावी पोराने नेली. ज्याने बोट दाखवलं, त्याला तिथे चावी आहे असंच वाटत होतं. आणि समोर बघूनही त्याला ती नाही, हे कळलं नव्हतं.

मग त्या ओवलेल्या सुया. हयातभर शिंप्याचं काम केलेला माणूस दोरा ओवायला दुसऱ्याचा हात कधी मागतो?

आणि ते ठिपके. शीड फाटलं रोजे सुरू झाल्यावर. शिवलं गेलं रोज्यांतच. नूर दिवसा पाणी पीत नव्हता, तर चहा कुठून पिणार? सुई कापडाच्या ऐवजी बोटात गेली, की शेजारी जो ठिपका पडतो, तो वाळल्यावर तपकिरीच होतो.

आपण समोर जाऊन उभे राहिलो, तरी आवाज दिल्याशिवाय नूरने ओळखलं नव्हतं.

“त्याला दिसत नाही,” नाना मोठ्याने म्हणाले. एका म्हशीने कान हलवला.

पण मग चावी? ज्याला आपली चावी गेल्याचंही माहीत नाही, त्याने फळी काढली नसणार. त्याच्या खिळ्यावरून चावी उचलणारं, आणि त्याला ते कळणार नाही हे ठाऊक असणारं माणूस दुसरंच होतं. असं माणूस त्या घरात एकच होतं. आता फळी कुठे कामाला लागली आहे, एवढंच शोधायचं उरलं होतं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना झुलालभाऊंच्या घरी गेले. झुलालभाऊ वावरात होते. मंजुळाबाईंनी वाटीभर शेवया दुधात घालून आणून दिल्या.

“खा नाना. औंदा केसासारख्या उतरी ऱ्हायन्यात.”

नानांनी खाल्ल्या. खरंच बारीक होत्या, लांबच लांब, कुठे तुटलेल्या नव्हत्या. घराची भिंत नूरच्या घराला लागून होती. पलीकडच्या गच्चीवरही खाटांवर तशाच शेवया वाळत होत्या. आखाजी आणि ईद एका दिवशी, म्हणजे दोन्ही घरांत शेवयांची घाई एका आठवड्यात.

नानांची वाटी हातातच राहिली. खानदेशात शेवया करायला पाट लागतो. लांब, गुळगुळीत, सागवानी, खाटेच्या कडेला तिरपा लावलेला. त्यावर एक बाई पीठ वळून तार काढते, खाली दुसरी ती झेलून काठीवर टाकते. हा पाट उन्हाळाभर एका घरी राहत नाही. तो गल्लीत फिरतो, कुणाचा होता तेही लोक विसरतात. आणि जिथे शेवया चालल्या आहेत, तिथे पुरुष पाय ठेवत नाही. तार तुटते म्हणून बायका येऊच देत नाहीत.

“वहिनी, मला तुमच्या गच्चीवर जायचं आहे.”

“तठे तुमनं काय काम?” मंजुळाबाई म्हणाल्या, पण त्यांनी वाट अडवली नाही. उलट, कुणीतरी एकदाचं विचारलं, असा त्यांचा चेहरा झाला.

गच्चीवर, पांढऱ्या उन्हात, धोतराच्या आडोशाखाली हमीदा पाटासमोर बसली होती. हात तेलाने चमकत होते. तिच्या तळव्याखालून पिठाची तार निघत होती आणि खाली उतरत होती, न थांबता, जणू ती आपली आपण येते आहे. पाटाचा वरचा अर्धा भाग पिठाने माखला होता. खालच्या टोकाला दोरी ओवायचं भोक होतं, आणि त्यात पितळी कडी.

शेवयांच्या पाटाला भोक कशाला असतं?

हमीदाने नानांना पाहिलं आणि हात थांबवले. तार तुटली.

“मी आणली,” ती म्हणाली. “त्यांना काही बोलू नका.”

“शीड का नाही नेलं?”

“शीड नेलं असतं तर त्यांनी दुसरं शिवलं असतं. बोटं फोडून घेतली असती. दोरी नेली तर दोरी मिळते. ही फळी सोनगीरात मिळत नाही. बारा वर्षं दोघांच्या तोंडून ऐकते आहे, हिच्यावाचून परत येता येत नाही म्हणून.” तिने पदराने कपाळ पुसलं. “काचबिंदू आहे. दोन वर्षं झाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं येणार नाही. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. त्यांनी मला शपथ घातली, की झुलालभाऊंना कळू द्यायचं नाही. मी म्हटलं, होडीत जाणं सोडा. ते ऐकेनात. त्या दिवशी बाभळीवर नेली, कपाळाला खोक पडली. पोहता येत नाही त्यांना, नाना. मी दुसरं काय करणार होते?”

“आणि इथे आणून शेवया?”

“लपवायची कुठे? बाईच्या घरात कुठली वस्तू लपते? कामाला लावली तर कुणी बघत नाही.”

नाना मंजुळाबाईंकडे वळले. “तुम्हाला हा पाट कसला, ते माहीत नव्हतं?”

“मना आंगणमा दरसाल त्याले तेल लावतस. माले माहीत नही व्हयी का?” मंजुळाबाई शांतपणे म्हणाल्या. “हमीदानी आणी, मी इचारं नही. ती रडी ऱ्हायनी व्हती. मी समजनू. म्हन्तं, भांडतीन आठ दिन. भांडण मिटस. बुडेल माणूस परत येस नही.”

“पण हे मिटत नाहीये, वहिनी. नूरभाई असाच निघून जाईल.”

 तेच दोघींना सतावत होतं, हे दिसत होतं. हमीदा उठून नानांसमोर आली.

“नाना, डोळ्यांचं तुम्ही झुलालभाऊंना सांगायचं नाही. त्यांची इज्जत आहे. शपथ घ्या.”

नानांनी शपथ घेतली, आणि जिना उतरताना त्यांना कळलं, की चोर सापडला, माल सापडला, आणि तरीही काही सुटलं नाही.

७

झुलालभाऊ दुपारी वावरातून आले तेव्हा नाना शेडच्या दारात बसले होते. शीड त्यांनी खळ्यात पसरून ठेवलं होतं, दगड ठेवून, भर उन्हात.

“फळी सापडली,” नाना म्हणाले. “तुमच्याच घरात आहे. वहिनी शेवया झाल्या की देतील. कुणी नेली ते विचारू नका, नूरभाईने नेली नाही.”

झुलालभाऊंनी तोंड उघडलं. नानांनी हात वर केला.

“मला आणखी काही बोलायची बंदी आहे. तुम्ही एक काम करा. ते ठिगळ पुन्हा बघा. रोजे चालू असताना शिवलंय, एवढं ध्यानात ठेवा.”

झुलालभाऊ शिडावर वाकले. आधी वैतागून, मग गुडघे टेकून. त्यांनी त्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. एक, मग दुसरा, मग शिवणीच्या कडेने शेवटपर्यंत. मग त्यांनी डोळे मिटले आणि त्याच शिवणीवरून पुन्हा बोट फिरवलं, हळूहळू, चाचपडत. खळ्यात एक होला घुमत होता. नाना दुसरीकडे बघत राहिले.

झुलालभाऊ उठले तेव्हा त्यांच्या धोतराला माती लागली होती. ती न झटकताच ते बसस्टँडकडे चालू लागले. नाना मागे होते, पण त्यांना गाठू शकले नाहीत.

नूर दुकानात होता. पावलं ऐकून त्याने मान वर केली.

“झुल्या?”

झुलालभाऊ त्याच्यासमोर मटकन बसले. 

“नूऱ्या, माले सांगं का नही?”

नूरला कळलं. त्याने नाकारलं नाही. “सांगितलं असतं तर तू माले नेलं असतं का?”

“नही.”

“मग?”

“अरे, पण कधीपासून? आणि तू चालवलीस कशी? नकाण्याला गेलो, हतनूरला गेलो, एकदा कुठे धडकलो नाही.”

“दोन वर्षं झाली. वारा गालाला कळतो. बाकीचं तू सांगतोस.”

“मी? मी कधी सांगितलं?”

“तू होडीत बसलास, की तुझं तोंड बंद होतं का कधी?” नूर हसला, पण हसू अर्धंच आलं. “नूऱ्या, ते बगळे बघ. नूऱ्या, त्या म्हशी बघ कशा बसल्यात. डावीकडे दगड उघडा पडला बघ औंदा. सगळा तलाव तू सांगतोस. मी ऐकतो आणि वळवतो. मला वाटायचं, हे असंच चालेल.”

“मग त्या दिवशी?”

नूरने मांडीवरचं कापड दुमडलं, पुन्हा उलगडलं.

“त्या दिवशी निघताना मी तुला सुरतेचं सांगितलं. तू रुसलास. त्या दिन तू बोलनाच नही, झुल्या. सगळ्या तलावात मला काही दिसलं नाही.”

झुलालभाऊंनी त्याचा हात धरला, सुयांनी भोकं पडलेली ती बोटं, आणि भर दुकानात, भर दुपारी, गावातला हा एवढा बोलका माणूस हुंदके देऊन रडला.

आखाजीच्या दिवशी सकाळी नूर ईदगाहवरून आला, झुलालभाऊंनी पितरांची घागर भरली, दोन्ही घरच्या शेवया दोन्ही घरांत पोचल्या, आणि दुपार कलल्यावर ट्रॅक्टर जामफळकडे निघाला. फळी देताना बायकांनी अट घातली होती. नूरच्या छातीला ट्रॅक्टरची फुगवलेली ट्यूब बांधायची, आणि दोघी काठावर बसणार. नूरने कुरकूर केली. हमीदाने ट्यूबची गाठ आणखी आवळली.

पाण्यावर ऊन मऊ झालं होतं. झुलालभाऊंनी शीड चढवलं, फळी खाचेत खाली सोडली, आणि मग स्वतः सुकाणूजवळ न जाता पुढच्या टोकाला जाऊन बसले. मागे, काळ्या ट्यूबमध्ये अडकलेला नूर. त्याने सुकाणू धरलं, मान थोडी कलती केली आणि गाल वाऱ्याकडे नेला.

पाणकोंबडी काठापासून सुटली. नाना बघत होते. ती लांब गेली, लहान झाली, उन्हात विरघळल्यासारखी झाली. दोन्ही बायका उभ्या राहून, कपाळावर हात धरून बघत होत्या. उद्या सकाळी सुरतेची गाडी होती, आणि तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

होडी दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. पाण्यावरून आवाज लांबवर येतो.

“नूऱ्या, समोर टिटव्या शेत. उजवीकडे गाळ, जरा इकडे घे. अजून. बास. आता बाभूळ मागे पडली. नूऱ्या, डावीकडे काही नही. पुढे काही नही. बठ्ठं मोकळं शे.”

झुलालभाऊंचा घसा बसत चालला होता, पण ते बोलायचे थांबले नाहीत.